विमानात बसायचा क्लास

मी मालवण सोडलं त्या दिवशी आये बाजारात बसली नव्हती. आम्ही आईला आयेच म्हणतो. अंगात ताप असल्याशिवाय तिने मासळीबाजार चुकवल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे सकाळी ती धुतलेलं लुगडं नेसून ओटीवर बसलेली दिसली तेव्हाच मी खरंच जाते आहे हे मला कळलं. गोव्यापर्यंत भाड्याची सुमो ठरवली होती. पुढे बाबा, मागे मी आणि आये, आमच्या मधे एक बॅग आणि पायाशी दुसरी. विमानतळाबाहेर उभे असताना एक विमान डोक्यावरून खाली उतरलं. बाबांनी मान वर करून ते जमिनीला टेकेपर्यंत पाहिलं.

"एवढा लोखंड वर रवता कसा गो?" त्यांनी मला विचारलं.

"इंजिन असता, बाबा."

"इंजिन माझ्या होडयेक पण आसा," ते म्हणाले.

बाबा तांडेल. होडी त्यांची, बरोबर चार माणसं, आणि कुठे जाळं टाकायचं, कधी परतायचं हे त्यांनी ठरवायचं. आयेने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पोचलंस की फोन कर. जेवलंस काय नाय, ता पयला सांग," एवढंच म्हणाली. मी आत गेले. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, की त्या दिवशी मला विमानाची अजिबात भीती वाटली नव्हती. रडू येत होतं ते वेगळ्याच कारणाने.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉल्वे नावाचं शहर आहे. तिथे म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये मी नर्स म्हणून लागले. बंदर आहे, होड्या आहेत, मासे आहेत. पाऊस आडवा येतो आणि बारा महिने येतो. पहिल्या थंडीत दुकानात बांगड्यासारखा मासा दिसला म्हणून हरखून घेतला. घरी आणून तिखलं, म्हणजे आमचं झणझणीत कालवण केलं, तर त्याला बांगड्याची चवच नाही. फोनवर सांगितलं तेव्हा आये म्हणाली, "थंड पाण्यातलो तो. तेका चव खंयसून येतली?" पुढे मला त्या माशाचीही सवय झाली. आता तोच आवडतो, पण हे मी आयेला सांगितलेलं नाही.

दोन वर्षांनी घरी आले, कणकवलीच्या मंदारशी लग्न केलं आणि त्याला घेऊन परत गेले. पुढे इरा झाली. ती वर्षाची झाल्यावर तिला दाखवायला आम्ही महिनाभर मालवणात होतो. जे झालं ते त्या वेळी परतताना झालं.

गोव्याहून दोह्याला जाणारं विमान होतं, खाली अरबी समुद्र. दुपारची वेळ, जेवणाच्या गाड्या नुकत्याच निघाल्या होत्या. विमान हलायला लागलं, मग आदळल्यासारखं खाली गेलं, पुन्हा वर आलं, पुन्हा खाली. कोणाचा तरी चहा छतापर्यंत उडाला. जेवण वाटणारी मुलगी गाडी तशीच ओढत मागे गेली आणि खुर्चीत बसून तिने पट्टा आवळला. मी तिचं तोंड पाहिलं. ती घाबरली आहे असं मला वाटलं, आणि ते मनातून कधी गेलंच नाही. इरा माझ्या मांडीवर होती. मी तिला इतकी घट्ट धरली की दुसऱ्या दिवशी तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ दिसत होते. हे सगळं फार तर दहा मिनिटं चाललं असेल. कोणाला काही लागलं नाही. उतरल्यावर लोकांनी नेहमीसारख्या आपापल्या बॅगा काढल्या, आणि मंदार म्हणाला, "जरा जास्तच हललं, नाही?" मी हो म्हटलं. पुढच्या विमानात मी पट्टा एकदाही सोडला नाही.

पुढच्या वर्षी तिकिटं काढली. विमानाचं चित्र पाहिलं तरी तळहात ओले व्हायचे. शेवटी तिकिटं रद्द केली आणि घरी कळवलं की रजा मिळत नाही. त्यानंतर रजा मिळत नाही हे माझं ठरलेलं वाक्य झालं. मंदार आणि इरा दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला इरा पाच वर्षांची होती. परत आल्यावर ताटातला ब्रोकोली बाजूला सारून ती मला म्हणाली, "माका नको." माझी मुलगी माझ्या घरची भाषा शिकून आली होती आणि मी तिथे नव्हते. मी हसले, मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

तुमच्यापैकी जे दूर राहतात त्यांना ठाऊक असेल, आपण एक कारण सांगतो आणि पलीकडचे ते मान्य करतात. त्यांनी ते मान्य केलं याचं आधी बरं वाटतं, मग तेच टोचत राहतं.

पावसाळ्याच्या तोंडावर होडी वर ओढताना बाबांचा पाय शेवाळावरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं. मी नर्स. रोज परक्या म्हाताऱ्यांना धरून चालवते, त्यांची खुब्याची ऑपरेशनं झाल्यावर पाय कसा ठेवायचा हे त्यांना शिकवते. मी त्याच दिवशी तिकीट काढलं. मंदारने डब्लिनच्या विमानतळावर सोडलं आणि इराची शाळा होती म्हणून तो लगेच परत फिरला. बॅग आत गेली. तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे सहा माणसं होती. मग चार. मग दोन. माझी पाळी आली आणि मी बाजूला झाले. पाय पुढे जाईनात. बॅग परत मागून घेतली, गॉल्वेची बस धरली आणि बसमधून मंदारला फोन केला. तो म्हणाला, "बसस्टॉपवर घ्यायला येतो."

घरी सांगितलं, ऐनवेळी रजा रद्द झाली.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी बाबांशी बोलणं झालं. "तू कित्याक धावपळ करतंस? मी बरो आसंय," ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी त्यांना पायाखाली उशी कशी घ्यायची ते सांगत राहिले. ते हं हं करत राहिले.

महिनाभर मी ते ओझं वागवलं. मग एका रविवारी आये व्हिडिओवर होती. फोन भांड्याला टेकवून पेडवे, ते वीतभरही नसलेले मासे, साफ करत होती. मी म्हटलं, "आये, माका रजा गावलेली. मी येवक नाय. माका विमानात बसाक भंय वाटता."

तिने मान वर केली नाही. हातातला पेडवा पुरा केला, पाण्यात टाकला. मग म्हणाली, "मगे सांगाक काय झाला?"

"लाज वाटली."

"लाज कसली गो? मी खंय होडयेत बसतंय?"

मला आधी कळलंच नाही. मग एकदम लक्षात आलं. तांडेलाची बायको, चाळीस वर्षं होडीतून उतरलेली मासळी विकून संसार केलेली बाई, आणि मी तिला कधी होडीत बसलेली पाहिलीच नव्हती. समुद्रातल्या किल्ल्यावर आम्ही पोरं दर वर्षी जायचो, ती किनाऱ्यावरून हात जोडायची. तिला वेळ नसतो, असंच आम्ही धरून चाललो होतो.

"ल्हान असताना एकदा बसल्लंय," ती म्हणाली. "मदी गेल्यार पाणी काळा दिसला. तेवापासून नाय. तुझ्या बापाशीक ठावक आसा. तो कधी बस म्हणान सांगूक नाय." पुढचा मासा घेत ती म्हणाली, "तुमच्या थय सगळ्याचे क्लास असतत मा? गाडयेचो क्लास, योगाचो क्लास. ह्याचो नाय काय?"

त्याचाही क्लास होता. मंदारने तो दहा मिनिटांत शोधून काढला. डब्लिनच्या विमानतळाजवळच्या हॉटेलात दोन दिवस, शनिवारी माहिती आणि सराव, रविवारी प्रत्यक्ष विमानात बसून तासाभराचा फेरा. फॉर्ममध्ये 'तुम्ही हा कोर्स का करत आहात' असा रकाना होता. मी बराच वेळ विचार करून लिहिलं, 'वडील'.

जायच्या आदल्या दिवशी बाबांचा फोन आला. आयेने त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि आता ते काठी घेऊन अंगणात फिरत होते. "थय विमान चलवणारो येतलो मा? तेका विचार, वारो फिरलो की काय करतत," ते म्हणाले.

खोलीत आम्ही चौदा जण होतो. मला वाटलं होतं सगळ्या माझ्यासारख्या बायका असतील. तर तिथे एक वकील होता, एक शाळामास्तरीण, नवीन लग्न झालेलं जोडपं ज्यातला नवरा घाबरट होता, आणि माझ्या शेजारी जिम नावाचा साठी उलटलेला शेतकरी. पंजे माझ्या बाबांसारखे रुंद. चहाचा कप त्या हातात खेळण्यासारखा दिसत होता.

शिकवायला दोघं होती, एक निवृत्त पायलट आणि एक समुपदेशक बाई. बाई पहिल्याच वाक्याला म्हणाल्या, "घाबरायचं कसं थांबवावं, हे मला शिकवता येत नाही. घाबरलेलं असताना बसून कसं राहावं, ते शिकवते." मला त्या तिथेच पटल्या. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. पावलं जमिनीवर दाबून धरायची. भीती दहापैकी किती आहे ते मनात म्हणायचं, आणि दर थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं. आठची सहा झाली तरी ती बदलते आहे, हे आपल्याला दिसतं.

पायलटांनी विमानातले आवाज ऐकवले. चाकं आत जातात तेव्हा पायाखाली दणका बसतो. विमान उडाल्यावर थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज उतरतो. तो आवाज ऐकून खोलीतल्या निम्म्या लोकांनी खुर्चीचे हात धरले. "इंजिन बंद पडलं असं वाटतं ना?" ते म्हणाले. "नाही. चढ चढताना मारलेला जोर आम्ही थोडा कमी करतो, एवढंच." पंख वाकतात ते वाकायलाच बनवलेले असतात. विमान हलताना विमानात काम करणारी माणसं खुर्चीत जाऊन पट्टा बांधतात, कारण उभं राहिलं तर पडून डोकं फुटेल. त्या मुलीचा चेहरा मला इतकी वर्षं दिसत होता. ती घाबरली होती की नाही, मला अजून ठाऊक नाही. पण ती आपलं ठरलेलं काम करत होती, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा समजलं.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मी हात वर केला. "माझे वडील मच्छीमार आहेत. त्यांनी विचारायला सांगितलंय, वारा फिरला की तुम्ही काय करता?"

पायलट खुर्ची ओढून समोर बसले. "निघायच्या आधी वाऱ्याची खबर घेतो. वाटेत फिरला तर वाट वाकडी करतो. उशीर झाला तरी चालेल, पण घाई करत नाही. आणि उतरण्याजोगं नसेल तर न लाजता दुसरीकडे जातो."

संध्याकाळी मी हे बाबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "मगे तो तांडेलच म्हण."

जेवणाच्या सुट्टीत जिमने मला विचारलं होतं, "तुझं कोण आहे पलीकडे?" मी आईवडिलांचं सांगितलं. रजेची थापही सांगितली. तो सँडविच हातात धरून ऐकत होता.

"माझी मुलगी ऑस्ट्रेलियात आहे," तो म्हणाला. "नातू चार वर्षांचा झाला. मी तिला सांगतो की गाई सोडून येता येत नाही. गाई माझा पुतण्या बघतो. तिला ते माहीत असणार. पण ती कधी बोलत नाही."

त्याच्याकडे पाहताना माझ्या मनात एक गोष्ट आली जी आधी कधी आली नव्हती. इकडे यायला बाबाही कधी तयार झाले नव्हते. 'माझी होडी कोण बघतलो?' असं म्हणायचे, आणि तीही जिमच्या गाईंसारखी सबब असू शकेल हे मला सुचलंच नव्हतं. मी ते खरं धरलं होतं, आणि माझी रजा त्यांनी खरी धरली होती.

रविवारी आम्ही तेरा जण विमानाच्या दारापर्यंत गेलो. शाळामास्तरीण गेटपाशीच बसून राहिल्या आणि समुपदेशक बाई त्यांच्याजवळ थांबल्या. कोणी त्यांना एका शब्दाने बोललं नाही. आम्ही पुढे निघालो. दाराच्या अलीकडे दोन पावलांवर जिम उभा राहिला. मागची रांग थांबली. त्याच्या मानेवर घाम होता.

"तू जा. मला नाही जमत," तो म्हणाला.

मला तपासणीच्या रांगेतून बाजूला झालेली मी दिसले. "तुम्ही बाजूला झालात तर मीही होणार," मी म्हटलं. मी त्याला धीर द्यायला हे बोलले नव्हते. ते खरं होतं. मी एकटी आत पाऊल टाकू शकले नसते. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्यालाही ते दिसलं असावं. त्याने आपला रुंद हात पुढे केला. मी तो धरला आणि आम्ही दोघं आत गेलो.

धावपट्टीवर भीती नऊ होती. विमान जमिनीवरून सुटलं तेव्हा मी पावलं दाबली. चाकांचा दणका आला. "आता आवाज उतरेल," मी जिमला म्हटलं, आणि खरंच उतरला. त्याने डोळे मिटून मान हलवली. मी श्वास सोडत राहिले. ढगांतून जाताना विमान थोडं हललं, मी मोजलं, आठ. पुन्हा मोजलं, सात. ढगांच्या वर ऊन होतं. खाली आयरिश समुद्र दिसला, वरून पाहिला तर पापडासारखा सुरकुतलेला. पुढच्या रांगेतला नवरा रडत होता आणि बायको त्याची पाठ थोपटत होती. उतरलो तेव्हा भीती पाच होती. शून्य नव्हती, आणि शून्य होईल असं मला कोणी सांगितलंही नव्हतं.

दोन महिन्यांनी जिमचा फोटो आला. समुद्रकिनारा, नातू खांद्यावर, आणि जिमचं नाक उन्हाने लाल. खाली फक्त एवढंच लिहिलं होतं, 'गाई ठीक आहेत.'

आम्ही मार्गशीर्षात निघालो. दोह्यापर्यंत मी वहीत आकडे लिहीत होते. पुढच्या विमानात, त्याच समुद्रावर, पाऊण तास हललं. मी लिहिलं, आठ, आठ, सात, आठ, सहा. शेजारी इरा गाढ झोपली होती. तिला मी धरलं नाही. पट्ट्याने तिला धरलेलं होतं.

सहा वर्षांनी मी अंगणात उतरले तेव्हा बाबा काठी टेकून उभे होते. माझ्या आठवणीतल्या बाबांपेक्षा ते बुटके झाले होते.

"इलंस?" ते म्हणाले.

"इलंय."

काठी डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने त्यांनी माझी बॅग उचलायला घेतली. मी ओरडले, खुब्याला जोर द्यायचा नाही म्हणून. आये आतून म्हणाली, "इला म्हणान लगेच नर्सपण सुरू." पानात पेडव्याचं तिखलं होतं. मी तीनदा भात घेतला. नंतर बाबांनी मला त्यांची चाल दाखवली, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी त्यांना दोन गोष्टी सुधारायला सांगितल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं सकाळी किनाऱ्यावर चालायला लागलो. ओली, घट्ट वाळू बघून चालायचं, हे मी त्यांना सांगितलं. इतक्या लांबून फोनवर सांगितलेलं आणि हात धरून सांगितलेलं यात किती फरक असतो, ते लिहून दाखवता येणार नाही.

एकदा चालून आल्यावर माझ्या अंगात आलं. मी आयेला म्हटलं, "चल, तुका होडयेत बसवतंय. कसा बसूचा ता सगळा मी शिकवतंय." श्वास, पावलं, आकडे, सगळं तिला समजावून सांगितलं. तिने कौतुकाने ऐकलं.

"तू क्लास केलंस, बरा केलंस," ती म्हणाली. "मी कित्याक बसू? माका खंय जावचा नाय."

बाबा हसायला लागले. मग मीही हसले. पुढे विचार केला तेव्हा तिचंच म्हणणं पटलं. तिची भीती तिच्या कुठल्याच वाटेत आडवी पडलेली नव्हती. तिची माणसं किनाऱ्यावर परत येत होती आणि ती किनाऱ्यावर होती. माझी माणसं मात्र समुद्रापलीकडे होती. क्लास मला लागणार होता, तिला नाही.

जायला आठवडा राहिला होता तेव्हा मी सकाळी आयेबरोबर बाजारात गेले. तिच्या बाजूला पाट मांडून बसले आणि तिने दिलेले मासे कापून द्यायला लागले. कोयता हातात नीट बसायला थोडा वेळ लागला. पलीकडे शेवंतामावशी बसते, आयेच्या वयाची. मी पूर्वी यायचे तेव्हा ती हातातलं काम टाकून उठायची, माझ्या गालांवरून हात फिरवायची, आजूबाजूच्या बायकांना हाका मारून मला दाखवायची. मला त्याचा आनंद व्हायचा, आणि आपण इथले उरलो नाही हेही त्यातच कळायचं. या खेपेला ती जागची हलली नाही.

"कधी जातलंस?" तिने विचारलं.

"शनवारी. जुलय म्हयन्यात परत येतलंय, इराच्या सुट्टयेत."

"बरा," शेवंतामावशी म्हणाली. एवढ्यात समोर गिऱ्हाईक उभं राहिलं. तिने त्याला सुरमई दाखवली, ती त्याला मोठी वाटली. मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "गो, तुझ्या आवशीकडची ती ल्हान सुरमई हय दी."

मी टोपलीतली सुरमई उचलून तिच्याकडे सरकवली आणि पुढचा मासा कापायला घेतला.